शिकागोतला पहिला हिवाळा आणि बागेतली पेरेनियल्स (दरवर्षी परत फुटणारी झाडं)

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की मे महिन्यात शिकागोजवळ नेपरव्हिलला घर घेतलं, आधीच्या मालकांनी लावलेले होस्टा, पिओनी, डेलिली, कोनफ्लॉवर, फ्लॉक्स, थोडे आयरिस, दोन लव्हेंडर आणि फाटकाजवळ एक गुलाब असं सगळं आयतं मिळालं, उन्हाळाभर छान फुललं आणि आता ऑक्टोबर लागल्यावर पानं पिवळी पडायला लागलीत. दिवाळीच्या आधी सगळं जमिनीलगत छाटून, खत घालून, वरून प्लास्टिक टाकून झाकून ठेवू का असं तुम्ही विचारलंय.

आधी थेट उत्तर देते. छाटणी सरसकट नको, खत अजिबात नको, प्लास्टिक तर मुळीच नको. पाणी मात्र द्या, आणि आच्छादन घाला पण आत्ता नाही, डिसेंबरात. आता का ते सांगते, जरा लांबेल, पण कारण कळलं की दरवर्षी कुणाला विचारावं लागणार नाही.

मी या बाजूला १९ हिवाळे काढलेत, त्यातली ११ वर्षं एका नर्सरीत कामाला होते आणि दर ऑक्टोबरला आपली माणसं हाच प्रश्न घेऊन यायची. त्याचं कारणही मला माहितीये. आपल्याकडे ऑक्टोबर म्हणजे कात्रीचा महिना. तुम्ही नाशिकच्या, म्हणजे द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी तुम्ही लहानपणापासून बघितलेली असणार, पुण्यात पाऊस संपला की गुलाब छाटतात, आळं मोकळं करतात, शेणखत घालतात आणि दीड-दोन महिन्यांत फुलं. तिथे छाटणी म्हणजे झाडाला उठवणं, कारण पुढे स्वच्छ ऊन आणि बेताची थंडी असते, नवीन फुटवा मजेत वाढतो. इथे पुढे काय आहे तर गोठलेली जमीन. इथे ऑक्टोबरमध्ये झाड झोपायला निघालंय आणि आपण त्याला हलवून जागं करतोय असं होतं. मग गुलाबाला किंवा लव्हेंडरला कोवळे कोंब येतात आणि पहिल्याच कडक थंडीत काळे पडतात. नुसते कोंब गेले असते तर चाललं असतं हो, पण त्या फुटव्यासाठी झाडाने मुळातली, खोडातली साठवण खर्च केलेली असते, तीच त्याला मार्चमध्ये लागणार असते. खताचंही तेच. नायट्रोजनवालं कुठलंही खत मी इथे ऑगस्टच्या मध्यानंतर देत नाही.

झाड झोपायला निघतं म्हणजे काय करतं? दिवस लहान होतात, रात्री गार होतात, या दोन गोष्टी त्याला कळतात. पानांतलं अन्न ते खाली मुळांत, कंदात, गड्ड्यात ओढून घेतं, पेशींमध्ये साखर वाढवतं, म्हणजे पेशीच्या आतलं पाणी सहजासहजी गोठत नाही, आणि बरंचसं पाणी पेशीच्या बाहेर मधल्या जागेत सोडतं, तिथे बर्फ झाला तरी पेशी फुटत नाही. ही तयारी व्हायला काही आठवडे लागतात आणि ती थंडी थोडी थोडी लागल्यानेच होते. म्हणूनच ऑक्टोबरमध्ये प्लास्टिक किंवा जाड गादी घालून झाडाला ऊब दिली की ते तयारच होत नाही. माझ्या पहिल्या वर्षी मी नेमकं हेच केलं होतं, सगळ्या वाफ्यावर पारदर्शक प्लास्टिक, कडेला विटा. नोव्हेंबरमधल्या उन्हाच्या दिवसांत आत घामेजलेली भट्टी, रात्री गोठण, आणि एप्रिलमध्ये उघडलं तेव्हा ह्यूकेराचे (रंगीत पानांचं बुटकं झाड) सहाच्या सहा गड्डे हातात कुजके आले. तो वास अजून आठवतो.

थंडीला तुम्ही जेवढं घाबरताय तेवढं घाबरायची गरज नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याचा झोनचा, म्हणजे थंडीनुसार पाडलेल्या पट्ट्यांचा नकाशा आहे, झोनचा आकडा जितका लहान तितकी थंडी जास्त, २०२३ मध्ये नवीन आला, १९९१ ते २०२० या ३० वर्षांतल्या हिवाळ्यातल्या सगळ्यात थंड रात्रींच्या सरासरीवर काढलेला. शिकागो आणि आसपासची उपनगरं त्यात बहुतेक ५बी आणि ६ए मध्ये येतात, म्हणजे वर्षातली सगळ्यात थंड रात्र सरासरीने उणे १५ ते उणे ५ फॅरेनहाइटच्या दरम्यान. तुमच्याकडचे होस्टा, पिओनी, डेलिली, कोनफ्लॉवर हे सगळे झोन ३ पर्यंत टिकणारे, म्हणजे मिनेसोटाच्या उत्तरेची थंडीसुद्धा काढतात. ३० जानेवारी २०१९ ला शिकागोच्या ओहेअर विमानतळावर उणे २३ फॅरेनहाइट झालं होतं, म्हणजे उणे ३१ सेल्सिअस, घराबाहेर श्वास घेताना नाक दुखत होतं, आणि त्या वर्षी माझा एकही होस्टा गेला नाही, कारण वर बर्फाची जाड गादी होती. बर्फाच्या खाली जमीन ३०-३२ फॅरेनहाइटच्या आसपास राहते, वर काहीही होऊ दे. पिओनीला तर थंडी लागतेच, ती मिळाली नाही तर फुलत नाही.

मग झाडं मरतात कशाने? माझ्या अनुभवात दोन गोष्टींनी, आणि नुसती कडक थंडी त्यात नाही. एक म्हणजे मुळाशी साचलेलं पाणी, इथली शिकागोकडची माती चिकण, निचरा कमी, हिवाळाभर गड्डा ओल्या गार चिखलात बसला की कुजतो. दुसरी म्हणजे जमिनीचं गोठणं-वितळणं-गोठणं. जानेवारी-फेब्रुवारीत मध्येच ४५-५० चे दिवस येतात, बर्फ जातो, वरची दोन-तीन इंच माती सैल होते, रात्री परत गोठते, गोठताना फुगते आणि झाडाला वर ढकलते. असं आठ-दहा वेळा झालं की उथळ मुळांचं झाड अक्षरशः जमिनीतून बाहेर येतं, मुळं उघडी पडतात आणि वाऱ्याने वाळून मरतात. ह्यूकेरा, शास्ता डेझी, आणि या सप्टेंबरमध्ये नवीन लावलेलं काहीही, यांना हा धोका सगळ्यात जास्त. आच्छादन आपण करतो ते यासाठी. झाडाला ऊब द्यायला आच्छादन नसतंच, एकदा गोठलेली जमीन गोठलेलीच राहावी म्हणून असतं. हे एकदा डोक्यात बसलं की कधी घालायचं हे आपोआप कळतं.

आता तुमच्या झाडांचं एकेक.

पिओनी: ही छाटायची. पहिलं कडक गोठण, म्हणजे २८ फॅरेनहाइटच्या खाली रात्र गेली की पानं काळपट होऊन लोळतात, तेव्हा जमिनीपासून दोन-तीन इंचावर कापा आणि पानं पिशवीत भरून बाहेर टाका, घरच्या कंपोस्टमध्ये नको. पिओनीला करपा येतो, त्याची बुरशी त्याच पानांवर हिवाळा काढते आणि वसंतात कोवळ्या कळ्यांवर चढते, वाटाण्याएवढी कळी तपकिरी होऊन सुकते ते हेच. घरच्या कंपोस्टचा ढीग तेवढा तापत नाही की बुरशी मरेल. कापताना खाली बघा, मातीच्या जरा खाली गुलाबीसर लालसर टोकदार डोळे दिसतील, तेच पुढच्या वर्षीचे कोंब, त्यांना कात्री किंवा फावडं लागू देऊ नका. आणि त्यावर माती ओढू नका. डोळे दीड-दोन इंचापेक्षा खोल गेले की पुढच्या मे महिन्यात नुसती पानं येतात, मग लोक म्हणतात झाड म्हातारं झालं.

फ्लॉक्स: तुमच्या फोटोत पानांवर पांढरी पावडर दिसतेय, ती भुरी. द्राक्षावरची भुरी तुम्हाला सांगायला नको. काड्या-पानं कापून बाहेर टाका, झाड गोठायची वाट बघायचीही गरज नाही. बी बाम नावाचं फुलझाड कुठे असेल तर त्याचंही असंच.

आयरिस: याचं काम चुकवू नका. इथे एक पतंग सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आयरिसच्या जुन्या पानांवर अंडी घालतो, वसंतात अळी निघते आणि पानातून पोखरत पोखरत गड्ड्यात शिरते, गड्डा आतून पोकळ आणि वर घाण वास. कडक थंडी पडून गेली की सगळी पानं कापून गोळा करा, आजूबाजूला पडलेला वाळका पाला पण उचला. आणि आयरिसच्या गड्ड्यावर आच्छादन घालू नका, त्याला पाठ उन्हात ठेवून बसायला आवडतं, झाकलं की कुजतो.

होस्टा: पहिल्या कडक थंडीनंतर सकाळी बाहेर याल तर पानं उकडलेल्या पालकासारखी लिबलिबीत होऊन पडलेली दिसतील. घाबरू नका. तीन-चार दिवस जाऊ द्या, पिवळी होऊन सुकली की नुसतं हाताने ओढलं तरी निघतात. ती काढाच, कारण त्या चिकट थराखाली गोगलगाई अंडी घालतात आणि उंदरासारखे व्होल आडोसा करतात. डेलिलीचं ऐच्छिक आहे, वेळ असेल तर कापा, नाहीतर एप्रिलमध्ये वाळकी पानं हाताने विंचरून काढता येतात, मी तसंच करते.

कोनफ्लॉवर, रुडबेकिया, सेडम, शोभेची गवतं यांना हात लावू नका. हे मी जरा आग्रहाने सांगते. दिवाळीच्या आधी घर-अंगण लखलखीत हवं ही आपली सवय आहे आणि वाळक्या काड्या उभ्या ठेवणं डोळ्यांना खुपतं, शेजारी काय म्हणतील असंही वाटतं. पण त्या काळ्या बोंडांत बी असतं, गोल्डफिंच नावाचे छोटे पक्षी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये त्या काडीवर आडवे लटकून ते बी खातात. काड्या पोकळ असतात त्यात मधमाश्यांच्या कुळातल्या इथल्या रानमाश्या घर करतात. आणि झाडाच्या दृष्टीने बघाल तर उभ्या काड्यांमध्ये बर्फ अडकून राहतो, तीच गादी. गवत ऑक्टोबरमध्ये कापलं तर कापलेल्या पोकळ बुंध्यात पाणी जाऊन गोठतं आणि गड्डा मधून सडायची भीती असते. शेवंत्या, म्हणजे इथे मम्स म्हणतात त्या, जमिनीत लावल्या असतील तर त्यांच्या काड्याही तशाच ठेवा. पायरीवर ठेवायला आत्ता दुकानातून आणलेल्या फुललेल्या कुंड्या असतील तर त्या जगतील अशी आशा धरू नका, मुळं धरायला त्यांना वेळच मिळालेला नसतो.

गुलाब: कात्री लावू नका, फार उंच फांदी वाऱ्याने हलत असेल तर तेवढी जरा कमी करा, बस. खोडाच्या तळाशी फुगीर गाठ दिसतेय का बघा, ती कलमाची गाठ. ती असेल तर नोव्हेंबरच्या शेवटी, दोन-चार कडक रात्री गेल्यावर, बुंध्याशी १० ते १२ इंच उंच माती किंवा कंपोस्टचा ढीग करा, म्हणजे वर सगळं मेलं तरी गाठीच्या वरचे डोळे वाचतात. माती दुसरीकडून आणा, गुलाबाच्याच मुळाभोवतीची खरवडून वर लावली तर मुळं उघडी पडतील. गाठ नसेल, म्हणजे नॉकआउट वगैरे स्वतःच्या मुळावरचा गुलाब असेल, तर एवढं काही लागत नाही. आणि हो, कुठे निळ्या-गुलाबी मोठ्या गेंदांचं हायड्रेंजिया असेल तर त्याचं टोकही कापू नका, पुढच्या वर्षीच्या कळ्या आत्ताच त्या काड्यांवर धरलेल्या आहेत.

पाण्याबद्दल सविस्तर सांगते कारण इथेच आपली माणसं चुकतात. आपल्याकडे बागायतदार बहर धरायला झाडाला ताण देतात, पाणी तोडतात, पानं गळू देतात, मग पाणी सोडतात. ती कल्पना डोक्यात असते म्हणून पानं पिवळी पडली की वाटतं आता पाणी बंद. इथे कोरड्या मुळांनी झाड हिवाळ्यात गेलं की संपलं, कारण जमीन गोठली की ती वितळेपर्यंत मुळाला पाणी ओढताच येत नाही. पाऊस नसेल तर आठवड्याला साधारण एक इंच पाणी, जमीन गोठेपर्यंत. खुरप्याने पाच-सहा इंच खोल माती काढून मुठीत दाबा, गोळा झाला तर ओल आहे, भुरभुर सुटली तर पाणी द्या. या वर्षी लावलेल्या रोपांना आधी द्या. थँक्सगिव्हिंगच्या आसपास, म्हणजे नोव्हेंबरच्या शेवटी, पाइप काढून, रिकामा करून गॅरेजमध्ये ठेवा आणि बाहेरच्या नळाचा आतला व्हॉल्व्ह बंद करा, नाहीतर नळ आतून फुटतो. त्यानंतर लागलंच तर झारीने.

आच्छादन. महागडं काही विकत घेऊ नका. तुमच्याकडे मेपलची पानं पडतायत ना, ती लॉनमोअरने दोनदा चिरडून पोत्यात भरून गॅरेजमध्ये कोरडी ठेवा. अख्खी मेपलची पानं घालू नका, ओली झाली की पापडासारखी एकावर एक चिकटतात आणि खालचं झाड गुदमरतं. मग वाट बघा. जमीन वरून दोन इंच गोठली, खुरपं टेकवल्यावर टक्क वाजायला लागलं, की तेव्हा घालायचं, बहुतेक वर्षी ते डिसेंबरात होतं. दोन ते चार इंच पुरे. गड्ड्याच्या अगदी माथ्यावर ढीग नको, त्याच्या भोवती कडं करा, माथा मोकळा. उशिरा घालण्याचा एक फायदा असा की व्होल तोवर दुसरीकडे घर करून बसलेले असतात, ऑक्टोबरमध्ये गादी घातली की त्यांना ती आयती मिळते. जुने मुरलेले होस्टा-डेलिली यांना आच्छादन नसलं तरी चालतं हो, या वर्षी लावलेल्यांना आणि ह्यूकेरासारख्यांना मात्र घालाच.

मीठ विसरू नका. ड्राइव्हवेवर बर्फ वितळवायला टाकतात ते साधं मीठ फाटकाजवळच्या वाफ्यात गेलं की वसंतात पानांच्या कडा भाजल्यासारख्या होतात. फावड्याने बर्फ उडवताना मीठ टाकायच्या आधीचा स्वच्छ बर्फ वाफ्यावर टाका, खुशाल टाका, ती फुकटची गादी आहे. मीठ मिसळलेला लॉनच्याही बाजूला नको.

कुंडीत काही पेरेनियल असेल तर त्याचा हिशोब वेगळा. जमिनीत मुळांना चारी बाजूंनी माती असते, कुंडीत चारी बाजूंनी वारा. म्हणून कुंडीत ठेवायचं झाड आपल्या झोनपेक्षा दोन झोन जास्त थंडी सोसणारं असावं असा ढोबळ नियम आहे. सोपा उपाय म्हणजे गरम न केलेल्या गॅरेजमध्ये भिंतीला लावून ठेवा, पानं नसली तरी महिन्यातून एकदा कपभर पाणी. कर्दळ आणि डेलिया असतील तर ती इथली पेरेनियल नव्हेत, पाला काळा पडला की कंद काढून, माती झटकून तळघरात ठेवायचे. आणि तुळस, कढीपत्ता, मोगरा अजून डेकवर असतील तर आजच आत घ्या, ५० फॅरेनहाइटच्या खालच्या रात्री त्यांना सोसत नाहीत.

एवढं केलं की जानेवारीत फारसं काही नसतं. फक्त फेब्रुवारीत बर्फ वितळलेल्या एखाद्या दिवशी बूट घालून वाफ्यावरून एक फेरी मारा, चिखलात पाय न देता कडेने. ह्यूकेरा किंवा नवीन रोप वर उचललेलं दिसेल, बुंध्याखाली मुळांचे पांढरट धागे आणि मध्ये बोटभर पोकळी. फावडं घेऊ नका. दोन्ही अंगठ्यांनी गड्डा हळूच खाली दाबा, माती सैल असते तेव्हा तो सहज बसतो, मग पोत्यातली मूठभर पानं भोवती सरकवा. गोठलेला असेल तर जबरदस्ती करू नका, मुळं तुटतात, नुसती पानं झाकून ठेवा आणि पुढच्या वितळणीला बसवा.

वाळक्या काड्या एप्रिलमध्ये कापायच्या, दिवसाचं तापमान आठवडाभर ५० च्या वर राहायला लागलं की. शोभेची गवतं मात्र मार्चमध्येच, नवीन हिरवी पाती वर यायच्या आधी. कोनफ्लॉवरच्या काड्या जमिनीलगत न कापता फूटभर उभ्या ठेवल्या तर माश्यांना पुढच्या वर्षीसाठी घर मिळतं, नवीन पानांत त्या महिन्याभरात दिसेनाशा होतात. कापलेलं सगळं कुंपणाच्या कोपऱ्यात सैलसर रचून ठेवा. आच्छादन एकदम ओढून काढू नका, कोंब दिसतील तसतसं बाजूला करत जा, कारण इथे कधीकधी एप्रिलच्या शेवटीसुद्धा बर्फ पडतो.

लव्हेंडरचं मुद्दाम शेवटी ठेवलंय, कारण त्याचं ठाम उत्तर आत्ता देता येत नाही. त्याला आत्ता कापायचं नाही एवढं नक्की, वसंतात खोडावर हिरवं फुटलेलं दिसलं की त्याच्या वर कापायचं, जुन्या लाकडात कात्री गेली तर तिथून परत फुटत नाही. पण ते जगणार का हे थंडीपेक्षा निचऱ्यावर आहे. तुमच्या फोटोत छपराच्या पन्हाळीचा पाइप त्याच कोपऱ्यात उतरताना दिसतोय. तो पाइप नेमका लव्हेंडरपासून किती फुटांवर सुटतो, आणि मोठा पाऊस पडल्यावर दुसऱ्या दिवशी तिथे पाणी साचलेलं असतं का, एवढं बघून सांगा. साचत असेल तर पाइपाला चार-पाच फुटांची एक्स्टेन्शन लावून पाणी लॉनकडे वळवा, हार्डवेअरच्या दुकानात मिळते, आणि हे काम जमीन गोठायच्या आत करा.